ऑकलंड ते पोलादपूर, एकोणतीस तास

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार
एसटीतून निवृत्त झाल्यापासून रोजच्या वेळा लिहायची सवय सुटली होती. आज पुन्हा वही काढली, कारण आमचा हर्षद आज विमानात बसला. न्यूझीलंडला चाललाय, ऑकलंड शहराजवळ फळांच्या पॅकिंगच्या कंपनीत. मुंबईहून सुटायची वेळ सकाळी दहा, पोचायची वेळ उद्या पावणेबारा, मध्ये सिंगापूरला विमान बदलायचं. एकतीस वर्षं पोलादपूर स्टँडवर कंट्रोलर होतो मी. वेळापत्रक मला कुणी शिकवू नये. पावणेसव्वीस तास. त्याला सोडायला आलेल्या जीपमधल्या सगळ्यांना सांगितलं, गावात उतरल्यावर माझा थोरला चुलतभाऊ गणू भेटला, त्यालाही सांगितलं.
 परतताना वडखळला हर्षदच्या आईला, सरिताला, वडापाव घेऊन दिला तर तो महाडपर्यंत हातातच धरून बसली होती.

४ ऑक्टोबर
पहाटे पावणेपाचला हर्षदचा फोन. "आबा, पोचलो." मी उडालोच. म्हटलं, कुठं पोचलास? तर ऑकलंडला. साडेसात तास आधी! एसटीत पाच मिनिटं आधी गाडी सोडली म्हणून मी ड्रायव्हरला मेमो दिलाय, आणि हे विमान साडेसात तास आधी टेकतं म्हणजे काय?
आमची तेजश्री महाडला दिलेली आहे. तिनं फोनवर पोट धरून हसत समजावलं. तिकिटावर पोचायची वेळ तिथली असते, आणि तिथलं घड्याळ आपल्या पुढं साडेसात तास. म्हणजे प्रवास सव्वाअठरा तासांचा. बाप कंट्रोलर, आणि गावभर चुकीची वेळ सांगून मोकळा. गणू दिवसभर मला "काय साहेब, गाडी लागली का?" म्हणून चिडवत होता.

१५ ऑक्टोबर
चूक एकदा होते. आता सगळा अभ्यास केला. मुंबई ते ऑकलंड सरळ रेषेत बारा हजार तीनशे किलोमीटर. तेजश्रीनं माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं, त्यात कुठलं विमान आत्ता कुठं आहे ते दिसतं, मागच्या आठवड्यात किती वाजता टेकलं तेही. दारच्या खोलीत दुसरं घड्याळ लावलं, खाली चिठ्ठी डकवली, "ऑकलंड". येणारा-जाणारा बघतो. सरिता म्हणाली, "अहो, त्या घड्याळात पोरगा दिसतो का?"
पक्का हिशेब असा. घरून निघून विमानतळ, तिथं तीन तास आधी हजर, दोन विमानं, मधली थांबायची वेळ, मुंबईतली तपासणी, मग पोलादपूर आणि गाव. सगळं वेळेवर असेल तर एकोणतीस तास. कुणीही विचारावं, झोपेतून उठवून विचारावं.

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार
जवळजवळ दोन वर्षं वहीत काही लिहिलं नाही. हर्षदचा फोन रोज रात्री साडेआठला येतो. तेव्हा तिथं पहाटेचे तीन-चार वाजलेले असतात. बिचारा आईशी बोलायला एवढ्या पहाटे उठतो! चेहरा मात्र दिसत नाही, कंपनीनं म्हणे फोनचा कॅमेरा बंद करायला लावलाय. असतील त्यांचे नियम.
परवा गणपती. विक्रोळीचा माझा पुतण्या राजेश बायकापोरांना घेऊन निघालाय. आज फोनवर हर्षद म्हणाला, "राजेशदादाला सांगा, माणगावात शिरू नको, चार तास गाडी हलत नाही." राजेशला सांगितलं, तर खरंच तिथं जाम! बघा, पोरगा बारा हजार किलोमीटरवर आणि माणगावचा जाम त्याला माझ्या आधी कळतो. गणूला मुद्दाम जाऊन सांगून आलो.

१८ जानेवारी २०२६, रविवार
सरिताला महाडला दवाखान्यात ठेवून आज चौथा दिवस. हृदयाची झडप निकामी होत चाललीय म्हणतात. ऑपरेशन सोसेल असं डॉक्टरांना वाटत नाही. मला काही सुचत नाही. तिला गेल्या आठवड्यापर्यंत गोठ्यात वाकलेली बघितलीय मी.
तिचं एकच चाललंय. "हर्षदला बोलवा. एकदा डोळ्यांनी बघते, मग काय व्हायचं ते होऊ दे."
हर्षदला सांगितलं.  तो म्हणाला, "आबा, रजा नाही देत आहेत. आई बरी होईल. मी पुढच्या महिन्यात बघतो." मी भडकलो. रजा कोण देत नाही? एसटीनंसुद्धा दिली असती! त्यानं फोन ठेवला.
सरिता ऐकत होती. म्हणाली, "त्याला बोलू नका हो. आणि एक सांगू? त्याचा आवाज लांबचा वाटत नाय मला."
"अगो, आता सगळ्यांचेच आवाज जवळचे येतात. समुद्राखालून तार टाकलीय."
"असंल," म्हणाली, आणि भिंतीकडे वळून झोपली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सरिता गेली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, घरीच. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात घरी न्यायला सांगितलं होतं. मी चहा घेऊन गेलो तर मान कलंडलेली. कपबशी तशीच खाली ठेवली, मग तेजश्रीला फोन केला.
सगळं झालंय, संध्याकाळ झालीय, आता लिहितोय. लिहिलं नाही तर मी वेडा होईन.
हर्षदला सहा चाळीसला फोन लावला. आईचं सांगितलं. तो म्हणाला, "आबा, मी येतो. आबा ऐका ना, मी इथं—" मी म्हटलं गप, आधी माझं ऐक. तू कितीही पळालास तरी एकोणतीस तासांच्या आत येत नाहीस. उद्या दुपार. गाव तोवर थांबायला तयार नाही. आम्ही तिला पोचवतो, तू सावकाश ये. तो पुन्हा म्हणाला, "आबा, पण मी..." मी फोन ठेवून दिला. मला त्याचं रडणं ऐकवत नव्हतं.
इथं खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार? गाव काही बोललं नव्हतं. उलट गणू म्हणाला होता, "दत्तू, बरफाच्या लाद्या आनतो म्हाडवरनं. टेम्पो सांगतो. एक रात काडू, पोराला तोंड तरी दिसंल आयशीचं." मीच नको म्हटलं. रात्रभर तिला बर्फावर बघत बसायचं माझ्यानं होणार नव्हतं. आणि राग होता. जिवंतपणी बोलावलं तेव्हा रजा नव्हती, आता कशाला यायचंय? पण पोराला "मी थांबत नाही" असं कसं सांगू, म्हणून गावाचं नाव घेतलं. गावाचं नाव घेतलं की कुणाचं कुणाला लागत नाही.
मुंबईकरांसाठी मात्र थांबलो. ते आमच्याकडे असतंच. गावात कुणी गेलं की पहिला प्रश्न, मुंबईकर निघाले का? ते आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. राजेश आणि बाकीचे विक्रोळीहून साडेआठला निघाले, दोन पन्नासला पोचले, हार घेऊन. अग्नी राजेशनं दिला. चार वीसला. नदीवर ऊन होतं.

७ फेब्रुवारी
दुपारी दीडला हर्षद आला. तेजश्री त्याच्या गळ्यात पडली. तो उंबऱ्यातच बसला, चपला काढायचंही भान नाही. "आई कुठं ठेवली होती?" विचारलं. मी जागा दाखवली. तिथं हात ठेवून बराच वेळ बसला.
बारीक झालाय. पण एवढ्या लांबून येऊन फार दमलेला वाटला नाही, तरणं रक्त. शर्टाला इस्त्री होती. सामान म्हणजे पाठीवरची एक पिशवी. म्हटलं, घाईत निघाला असेल.
माझ्या फोनपासून एकतीस तासांना दहा मिनिटं कमी. माझा हिशेब दोन तासांनी चुकला.

११ फेब्रुवारी, बुधवार
सुतकात काम नाही. येणारे येतात, दोन घटका बसतात, जातात. सकाळी वही घेऊन हर्षदजवळ बसलो. म्हटलं, वेळा सांग तुझ्या, लिहून ठेवतो. तो आधी म्हणाला कशाला आबा. मग घडाघडा सांगितल्या. ऑकलंड संध्याकाळी आठ. सिंगापूरला अडीच तास थांबणं. मुंबई सकाळी सव्वासात. साडेआठला बाहेर. गाव दीड. मी लिहिल्या.
लिहून बघितलं, तर एकही वेळ वेळापत्रकापासून हललेली नव्हती. एकतीस वर्षांत मी हजारो लॉगशीट बघितल्या. खऱ्या गाडीच्या वेळेत सहा मिनिटं, अकरा मिनिटं असतातच, म्हैस आडवी येते, फाटक लागतं. ज्या ड्रायव्हरची शीट वेळापत्रकाशी मिनिटाला मिनिट जुळायची, त्यानं ती कँटीनमध्ये बसून भरलेली असायची. त्याला मी तिथंच धरायचो.
स्वतःचीच लाज वाटली. आईचं सुतक आणि मी पोराची लॉगशीट तपासतोय! तरी फोन काढला. ॲपमध्ये सात तारखेचं सिंगापूरचं विमान बघितलं. मुंबईत टेकायची वेळ सव्वासात. टेकलं ते नऊ पंचावन्नला.
नऊ पंचावन्नला विमानातून उतरलेला माणूस दीडला माझ्या उंबऱ्यात बसू शकत नाही. सव्वा तास तपासणी, पाच तास रस्ता. चारच्या आधी नाहीच. मी चार वेळा मांडून बघितलं. मग म्हटलं ॲप चुकीचं असेल. मग म्हटलं दुसऱ्या विमानानं आला असेल, दुःखात नंबर कुणाला आठवतो?  संध्याकाळी त्यानं ताट वाढून आणलं, मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

१२ फेब्रुवारी
दहाव्याचं सामान आणायला पोलादपूरला जायचं म्हणून त्याला बरोबर घेतलं. वाटेत आंब्याखाली थांबलो. विचारलं, "विमान दोन तास चाळीस मिनिटं लेट होतं. तू दीडला कसा आलास?"
तो चपलेनं माती उकरायला लागला.
"पासपोर्ट दाखव."
तो खालीच बसला, रस्त्याच्या कडेला, मातीत. म्हणाला, "आबा, मी तिथं नाही. डिसेंबर चोवीसलाच परत आलो."
मला पहिल्यांदा कळलंच नाही. चोवीस काय? दुकानातल्या बाईला विचारावं तसं मी विचारलं, "चोवीस तारीख?"
"दोन हजार चोवीस, आबा."
कंपनी बंद पडली, परवाना त्या कंपनीपुरताच होता, परत पाठवलं. चौदा महिने झाले. पोरगा कामोठ्याला राहतो, तिघांबरोबर एका खोलीत, कळंबोलीच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. कामोठे! माझ्या दारातून साडेचार तास. रोज साडेआठला जो फोन यायचा तो पहाटेचा नव्हताच, कामावरून सुटल्यावरचा होता. आणि मी त्याची झोप मोडते म्हणून हळहळत होतो. मी बाप की दगड?
"मग बोलला का नाहीस रे?"
"पंधरा दिवसांनी सांगणार होतो. मग महिन्यानं. तुम्ही भिंतीवर ऑकलंडचं घड्याळ लावलेलं. गणूकाका म्हणायचा, आपल्या गावचं विमान. कसं सांगू?"
"आई आजारी होती तेव्हा? तिला काय, तू कुठून आलास त्याच्याशी देणंघेणं होतं?"
"आलो असतो तर परत जाताना तुम्ही जीप भरून विमानतळावर सोडायला आला असता. आत कुठं गेलो असतो मी?"
हे खरं होतं. जीप मीच ठरवली असती.
मग मी विचारलं ते विचारायला नको होतं. "सहा तारखेला फोन केला तेव्हा कुठं होतास?"
"खोलीवर. सातला निघालो. तुम्हाला सांगायचंच ठरवलं होतं, फोनवर सांगतच होतो. पावणेअकराला महाडला पोचलो." त्यानं नाक पुसलं. "पोलादपूरची गाडी लागलेली होती. चढलो पण. मग वाटलं, तुम्ही सगळ्यांना एकोणतीस तास सांगितलेत, मी पाच तासांत दारात उभा राहिलो तर आईच्या मढ्यापुढं तमाशा होईल. उतरलो. दुपारी राजेशदादाची गाडी स्टँडबाहेर थांबली. हार घेत होते. मी खांबामागं गेलो."
"आणि?"
"लॉजवर गेलो. दुसऱ्या दिवशी विमानाची वेळ होईपर्यंत तिथंच होतो."
आईसाठी हार घेताना बघत होता, आणि खांबामागं उभा! मी हात उचलला होता त्याच्यावर. उचललेला तसाच राहिला. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा मातीत बसून डोकं खाली घालून मार खायची वाट बघत होता. सामान न घेताच आम्ही परत आलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पाच दिवस मी त्याच्याशी बोललेलो नाही. तेजश्रीला कळलंय, तिचं रडून रडून तोंड सुजलंय. ती म्हणते, "आबा, झाकून टाका. आई गेली, आता दादाला पण घालवताय का?"
नाही. माझ्या घरात खोटं चालायचं नाही. एकतीस वर्षांत मी एक खोटी वेळ लिहिली नाही, साहेबानं सांगितली तरी नाही. उद्या तेराव्याला गाव जेवायला येईल, मुंबईकर पण येतील. सगळ्यांसमोर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, आबा." एवढंच.

१८ फेब्रुवारी, बुधवार
लिहिणं भाग आहे.
पंगती उठल्या. अंगणात माणसं पान खात बसलेली. शेजारच्या चंपाबाईनं हर्षदच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "आता परत कदी जायाचास रं बाला? आयेचं विसरून नीट काम कर हां थितं."
हर्षद उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.
त्यानं सगळं सांगितलं. कंपनी, परत येणं, कामोठे, गोदाम. महाडचा स्टँड, खांब, लॉज. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. आवाज फुटत होता, तरी थांबला नाही. राजेशच्या हातातलं पान तसंच राहिलं. चंपाबाईनं तोंडाला पदर लावला.  खरं सांगतो, त्या क्षणी मला समाधान वाटलं. म्हटलं, झालं, खरं ते बाहेर आलं.
मग गणू बोलला. रागानं नाही, कळवळून. "अरे मंग त्या दिवशी गप येयाचास की! नाय तर दुसऱ्या दिशी आलास तरी चाललं असतं. आमी थांबनारच होतो तुझ्यासाठी. मी बरफाचा टेम्पो पन सांगून ठेवलेला. दत्तूच नको म्हनला."
हर्षदला ते आधी समजलंच नाही. "थांबणार होते? कोण?"
"आख्खा गाव. दुसऱ्या दुपारपर्यंत म्हनून."
"पण आबा म्हणाले..." तो माझ्याकडे वळला. "आबा, तुम्ही फोनवर म्हणालात, गाव थांबायला तयार नाही."
गणू माझ्याकडे बघायला लागला. राजेश, तेजश्री, चंपाबाई, सगळेच बघायला लागले. गणू म्हणाला, "गावानं कदी नाय म्हटलं रे दत्तू?"
मला काही तरी बोलायचं होतं. राग होता म्हणायचं होतं, तिला बर्फावर बघवलं नसतं म्हणायचं होतं.  शेवटी म्हणालो, "गावानं नाही. मीच. ते मी खोटं सांगितलं."
हर्षद पायरीवर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच, मनातल्या मनात मोजल्यासारखा म्हणाला, "सात तारखेला दीडला मी आलोच होतो. म्हणजे मी सगळं खोटं बोलूनसुद्धा आईपाशी वेळेत पोचलो असतो."
मी होय म्हणालो. हिशेब बरोबर होता.